साडेसत्तावीस ओहम

दहावीच्या मुलांना मी पहिल्याच दिवशी एक गणित घालते. दोनशे वीस व्होल्टची लाइन, विजेच्या शेगडीतून जाणारा करंट पाच अँपिअर. रेझिस्टन्स किती, पॉवर किती? मुलं भागाकार करतात, चव्वेचाळीस ओहम. गुणाकार करतात, अकराशे वॅट. सहसा कुणाचं चुकत नाही, इतकं ते सोपं आहे. नारायणगुड्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी एकवीस वर्षं हे शिकवते आहे. आणि जिथे हे गणित खरोखर करायला हवं होतं, तिथे मी ते केलं नाही.

शेगडी आमचीच. मातीच्या थाळीत स्प्रिंगसारखी तार बसवलेली, साधी. बाकीचा स्वयंपाक गॅसवर व्हायचा, पण ज्वारीची भाकरी आईला शेगडीवरचीच हवी. तार अधूनमधून तुटायची. कोटीच्या बाजारात गेलं की नवी मिळते, काही लांब नाही. पण बाबांचा कारखाना तेव्हा बंद पडला होता आणि दिवसभर करायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. ते जळका तुकडा तोडून टाकायचे, उरलेली दोन टोकं ताणून एकमेकांत पिळायचे आणि प्लग लावून मला हाक मारायचे.

"नवी कायकू आणायची? बघ कशी लालभडक झाली. दुकानातनं आणली तेव्हा पण एवढी तापत नव्हती. तुमच्या फिजिक्सवाल्यांना येतं का असं?"

खरंच तापत नव्हती. तार तोडली की लांबी कमी, लांबी कमी की रेझिस्टन्स कमी, मग करंट जास्त आणि उष्णताही जास्त. बाबा ज्याला स्वतःची कारागिरी समजत होते, तो धोका होता. मला हे पहिल्याच वेळी कळलं. पण कारखाना गेल्यापासून घरात कधी न हसलेला माणूस त्या दिवशी हसत होता. मी म्हटलं, "छान झाली की."

त्यानंतर तार पाचदा तुटली, पाचदा त्यांनी ती जोडली आणि पाचही वेळा मी मूग गिळून बसले. फ्यूज दोनदा उडाला तेव्हा त्यांनी त्यात जाड तार घातली, तेही मी पाहिलं. येत्या रविवारी कोटीहून नवी तार आणून गुपचूप बसवून टाकू, असं ठरवायची. रविवारी जादा शिकवण्या असायच्या. दुसऱ्यांच्या मुलांना बोर्डात मार्क मिळवून देण्यात मी गुंतले होते.

एका सकाळी भाकऱ्या झाल्यावर आईने बटण बंद केलं. शेगडी विझेना, आतून बटण जळून चिकटलं होतं. म्हणून तिने प्लग उपसायला हात घातला. मी मुलांच्या वह्या तपासत होते. तिचा आवाज ऐकून धावले तेव्हा वितळलेलं प्लास्टिक तिच्या उजव्या तळव्याला चिकटलेलं होतं. दोन महिने पट्ट्या चालल्या. जखम भरली, पण कातडी आक्रसली आणि बोटं आत वळली ती वळलीच. आता त्या हाताने भाकरी थापली जात नाही. साडीच्या निऱ्या मी घालून देते.

बाबांनी येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना एकच सांगितलं, "हात ओला होता हिचा. हजारदा सांगितलं, ओल्या हाताने प्लगला शिवू नक्को म्हणून." ते खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं. लोकांनाही ते पटलं. बायकांचे हात ओलेच असतात. मी शेजारी उभी राहून मान डोलावली.

नंतर मी शेगडी जवळच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत नेली आणि तार मीटरवर मोजली. साडेसत्तावीस ओहम. म्हणजे आठ अँपिअर, सतराशे साठ वॅट, आणि आमचा जुनाट प्लग पाच अँपिअरचा. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नाही. त्या दिवसापासून मला स्वतःची किळस वाटते, आणि ती कमी झालेली नाही.

आईचे केस आता मी विंचरते. असंच एकदा विंचरत असताना ती म्हणाली, "काल मुलांना सांगत होतीस ते मी आतून ऐकलं. तार छोटी करे तो करंट बढ़ता, गरमी बढ़ती." आई चौथी शिकलेली. पण माझ्या शिकवणीची हिंदी-मराठी-इंग्रजी खिचडी भाषा तिला माझ्याहून चांगली येते.

"हो," मी म्हटलं.

"हे यंदाच शिकवायला लागलीस?"

"नाही. पहिल्यापासून."

"मग आपल्या शेगडीचं तुला कळलं असणार."

तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तिची पाठ माझ्याकडे होती हे बरं होतं. मी म्हटलं, बाबांना वाईट वाटलं असतं म्हणून बोलले नाही.

"त्यांना वाईट वाटलं असतं," ती हळू म्हणाली. मग आपला हात मांडीवर घेऊन बघत राहिली. "माझा हात कोरडा होता गं. पदराला पुसूनच गेले होते. माझं ते ऐकत नाहीत. तू शिकलेली, तुझं ऐकतील. तेवढं तरी सांग त्यांना."

सांगते म्हटलं. त्याला आठ महिने झाले. परवा आबिड्सहून बाबांचे एक जुने मित्र आले, आईच्या हाताची चौकशी केली, आणि बाबांनी पुन्हा ओल्या हाताचं सांगायला सुरुवात केली. आई समोरच बसली होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी चहा ठेवायला आत निघून गेले.