वेचणीच्या दिवसांतल्या गोळ्या

ऑपरेशनआधी विहिरीवरून अर्धी बादली आणायची तरी माझी बायको वाटेत दोनदा बसायची. लहानपणीच्या सांधेतापानं तिच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी ती काढून कृत्रिम झडप बसवली आणि दुसऱ्याच वर्षी ही बाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन अंगणात उभी! मी ओरडलो, तर म्हणाली, "फुकट बसवली का ते?" झडप टिकटिक करायची. शेजारी जेवायला बसलं तरी ऐकू येई.

अट एकच होती. झडपेवर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची, जन्मभर. ती पाळली तर झडप वर्षानुवर्षं साथ देईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

एकोणीसशे ऐंशीनंतरच्या एका दिवाळीला आमचा कापूस फुटला. पहिल्या वेचणीआधीचा दहीभाताचा नैवेद्य, आमचं सीतादही, तिनं स्वतः केलं आणि कमरेला ओटी बांधून बायांच्या ओळीत शिरली. वाळल्या बोंडाची टोकं सगळ्यांच्याच बोटांना टोचतात. हिचं रक्त मात्र थांबेना. संध्याकाळी तिच्या गाठोड्यात जागोजाग तांबडे ठिपके. मी सरकी काढायच्या जिनात कापसाची प्रत ठरवणारा माणूस. डागी कापूस दिसला की माझं डोकं फिरायचं. बायांसमोरच खेकसलो, "असा कापूस कोन घेईन? त्यापरीस घरी बस ना!"

ती गप्प राहिली. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, कारण ऐकून घेणं तिच्या रक्तात नव्हतं. चार-पाच दिवसांनंतर तिच्या गाठोड्यांत एकही डाग नव्हता. मी मूर्ख, खूश झालो.

तीन आठवड्यांनी एका दुपारी जेवताना हातातला घास तसाच राहिला. टिकटिक नव्हती. लाज सोडून तिच्या छातीला कान लावला. आत ओल्या कापडावर टिचकी मारल्यासारखा दबका आवाज, आणि तिला धाप लागलेली.

"गोळ्या?"

"वेचणी झाली का घेतोच ना."

डबा उघडला. तीन आठवड्यांच्या गोळ्या तशाच पडल्या होत्या.

नागपूरच्या एसटीत तिला धड वाक्य बोलता येईना. मी प्रत्येक थांब्याला ड्रायव्हरला शिव्या घातल्या. खरं तर त्या मलाच घालायच्या होत्या. गुठळी विरघळली नाही तर पुन्हा छाती उघडावी लागेल, आणि यावेळी भरवसा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. इंजेक्शनं सुरू झाली. पाच दिवस मी तिच्या झडपेच्या आवाजाकडे कान देऊन बसलो. सहाव्या दिवशी आवाज मोकळा झाला.

त्याच झडपेवर तिनं पुढे मुलीचं लग्न उरकलं, नातवाला कडेवर घेऊन शेत दाखवलं. पण मला आठवतो तो दवाखान्यातून सुटी झाली तो दिवस. डॉक्टर तिच्यावर चिडले होते. "गोळ्या बंद का केल्या?"

"इसरलो जी. येडी आहो मी."

मला राहवलं नाही. "नाही डॉक्टर. कापसाला डाग पडले म्हणून मी हिला चारचौघींत बोललो. म्हणून केल्या."

"तुमाले कोनं इचारलं?" ती माझ्यावर खेकसली. आणि ऑपरेशनला जातानाही न रडलेली माझी बायको सगळ्या वॉर्डासमोर हुंदके देऊन रडली.