मुकबिलचा एका सॉकेटचा ट्रान्सफॉर्मर

इब्ब गावच्या बाजारात मुकबिलइतका खडूस दुकानदार शोधून सापडायचा नाही. अर्धं गाव पोटापाण्यासाठी अमेरिकेत. तिथून खोकी भरभरून मशिनं यायची, सगळी एकशेदहा व्होल्टची. आपली वीज दोनशेवीसची. ती उतरवणारे ट्रान्सफॉर्मर मुकबिल स्वतःच्या हातानं तार गुंडाळून बनवायचा. पण पैसे पुढे केले म्हणून देईल तर शपथ. आधी मशीन उलटं करून वॅट वाचायचा, मग विचारायचा, "आणखी काय लावणार? खरं सांग."

"काही नाही, काका."

"सगळे असंच म्हणतात. गाढवावर किती लादायचं ते बरं कळतं तुम्हाला."

त्याच्या बायकोची, तकिय्याची, छाती तंदूरच्या धुरानं निकामी झाली होती. तिच्या भावानं अमेरिकेतून ऑक्सिजनचं मशीन धाडलं, साडेतीनशे वॅटचं. मुकबिलनं पाचशेचा ट्रान्सफॉर्मर केला, मोजून फ्यूज घातला. सॉकेट मात्र सवयीनं दोन बसवले. गिऱ्हाइकं दोनच मागत ना. भावानं त्याच खोक्यात विजेची किटलीही घातली होती. तिच्या चपट्या पिना घरात दुसरीकडे कुठे बसतच नव्हत्या. मुकबिलनं ती फळीवर रोज पाहिली, पण अख्ख्या जगाला विचारायचा तो प्रश्न घरात विचारायचा राहिला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

एका गुरुवारी तकिय्याच्या मनात आलं, नवरा दुपारी जेवायला येतोय, त्याला कॉफीच्या सालांचं गरम किशर करून द्यावं. धुराजवळ जायची तिला बंदी. म्हणून तिनं किटली लावली. दीड हजार वॅट. फ्यूजनं आपलं काम चोख केलं, आणि मशीन बंद पडलं. शेजारणीला हाक मारायला तिच्यात दम कुठला?

मुकबिल आला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. श्वास नव्हता. किटलीतलं पाणी गारच होतं. पेल्यात कॉफीची सालं आणि ठेचलेलं आलं, पेला एकच, त्याचा. ट्रान्सफॉर्मरला काही झालं नव्हतं. नुसता फ्यूज बदलायचा होता, आणि फ्यूजची पुडी मुकबिलच्या खिशात होती. तो लहान पोरासारखा रडला.

आता तो एकच सॉकेट बसवतो. परवा डोंगरावरच्या गावचा एकजण हट्टालाच पेटला, "काका, दुसरा बसवायला तुमचं काय जातं?"

मुकबिलनं हातातली पक्कड खाली ठेवली. "लग्न झालंय का रे तुझं?"

"झालंय."

"मग घरी जा. दिवसभरात तिला काय काय लावायचं असतं, ते तिला विचारून ये. मी माझीला विचारलं नव्हतं."