पायरी लावणारा

सावर्ड्याला हायवेलगत तेव्हा एक वेल्डर होता. नाव मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. बोलताना तो माझ्याकडे बघायचा नाही, माझ्या खांद्यामागे बघायचा. मी दोनदा वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी जुनी जीप घेतली होती. आमच्या सड्यावरची वाट म्हणजे नुसता कातळ. गाडीची खालची कड घासून निघायची. तो म्हणाला, "दादा, दोन्ही बाजूंना जाड नळी मारतो. दगडावर टेकली तरी गाडी सरकून पुढे जाईल."

"आणि बायकोचे गुडघे गेलेत, ती काय उडी मारून बसेल? मला पायरी पाहिजे."

"पायरी लावली म्हणजे वाटेवरच्यांना बोलावल्यासारखं हो. वयनी चढतील. त्यांच्या मागून कोण चढला, ते कसं कळायचं?"

"माझ्या गाडीत मला न विचारता कोण चढतो, बघतोच!"

तो हसला नाही. पायरी लावली, तिच्यावर तळहाताने दाब दिला आणि म्हणाला, "दोघांचं वजन सोसेल."

संध्याकाळी बायकोला घेऊन सड्यावरून येत होतो. वाटेच्या राखणदार देवाच्या दगडाशी गाडी हळू करायची आमच्याकडे रीत आहे, तशी मी केली. गाडी डावीकडे झुकली, कोणी पायरीवर पाय द्यावा तशी. बायको पदर सावरून माझ्याकडे सरकली, शेजारी जागा करून.

पायरी मी काढली नाही. बोललेलं मी फिरवत नाही. त्या वाटेने जाताना डावीकडे बघत मात्र नाही.