आश्रुबांची मंगळावरची पोथी

बहात्तरच्या दुष्काळात लिंबागणेशच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम निघालं. आश्रुबा मापाडी तिथं हातोडी घेऊन बसले आणि कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. ज्या सोसायटीच्या दुकानात ते धान्य मापायचे, तिथं मापायलाच काही उरलं नव्हतं. चेअरमन बद्रीनाथराव दुकानाला कुलूप ठोकून बीडला मीटिंगला गेले होते. ती मीटिंग काही संपत नव्हती.

आश्रुबा अंगानं किडकिडीत, साठीला टेकलेले. बोलायला लागले की माणसानं हातातलं काम विसरावं. त्यांची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूत झालेली; मराठी ते पोथीवरून शिकले. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, अशी रीत होती. वाचणारे बदलत गेले, अर्थ सांगायला मात्र वर्षानुवर्षं आश्रुबाच. त्यांचा एक कडक नेम होता. पदरचं काही घालायचं नाही. पोथीतला राजा रडला नसेल तर आश्रुबांच्या तोंडूनही तो रडायचा नाही, मग समोरच्या बायांनी कितीही पदर डोळ्याला लावून ठेवलेले असोत.

आता पोथी सांगणाऱ्या माणसाला मंगळाचा नाद कसा लागला, तर त्याला सोसायटीची रद्दी कारण झाली. दुकानात पुड्या बांधायला बीडहून जुने कागद यायचे. त्यात एकदा मासिकांचा एक गठ्ठा आला. कुणा शिकलेल्या माणसाच्या घरातून निघालेला असावा. त्यात इंग्रजीवरून मराठीत आणलेल्या विज्ञानाच्या गोष्टी होत्या, पन्नास सालाच्या आगेमागे लिहिलेल्या. आश्रुबांनी एक वाचली आणि त्या दिवसापासून त्या गठ्ठ्यातल्या कागदात कुणाला चहापत्ती बांधून दिली नाही. त्याआधी जी पानं गिऱ्हाइकांच्या घरी गेली, ती गेलीच.

खडीवर दुपारची सुट्टी झाली की बाभळीच्या विरळ सावलीत माणसं बसायची. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी सोडायची. ती भाकर गिळायची म्हणजे दुसरीकडे लक्ष हवं, म्हणून आश्रुबांनी गोष्टी सुरू केल्या. सुरुवात चंद्रावर गेलेल्या माणसांपासून झाली, कारण तेवढं सगळ्यांनी ऐकलं होतं.

"चंद्रावर गेलेले आन् हे मिलो धाडनारे, येकच का ओ?" मालनबाईनं विचारलं. ही खडीवरची सगळ्यात फटकळ बाई.

"येकच."

"मंग तितूनच आनलं आसंल. तवाच आसं लागतंय."

हळूहळू खडीवरच्या माणसांना त्या गोष्टींची नाडी सापडली. काही गोष्टी जायच्या असत, काही यायच्या. जायच्या गोष्टीत माणसं यानात बसून लाल मातीच्या, पाण्याविना भेगाळलेल्या ग्रहावर उतरायची आणि तिथं कधीकाळी कालवे होते हे बघून हळहळायची. यायच्या गोष्टीत तिकडचे लोक इकडं यायचे, बहुतेक वेळा राज्य घ्यायला आणि नेहमी एखाद्या मोठ्या शहरातच. बीड जिल्ह्यात ते कधी उतरले नाहीत. "रस्ता न्हाई म्हनून," मालनबाई म्हणाली, "आपुन करायलोत न्हवं आता."

एका गोष्टीत सगळ्या शहराचा कारभार एका अकलेच्या यंत्रावर सोपवलेला. कुणी काय खायचं, कुणी कुठं राहायचं, ते यंत्र ठरवणार. शेवटी माणसं त्याला बंद करायला जातात तर ते बंदच होत नाही. "मंजी चेअरमन," असं कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. पुढच्या जमान्यात जेवणाऐवजी गोळी असेल, एक गोळी घेतली की दिवसभर भूक नाही, हेही एका गोष्टीत होतं. त्यावर मात्र कुणी हसलं नाही. ती गोळी कडू असते का, एवढं एकीनं विचारलं. आश्रुबांनी गोष्ट आठवून सांगितलं की तसं लिहिलेलं नाही.

आणि प्रत्येक गोष्ट शेवटच्या चार ओळींत उलटायची. ज्याला माणूस समजावं तो यंत्र निघायचा, ज्याला परका ग्रह समजावं ती आपलीच पृथ्वी निघायची. लोकांनी त्याला 'पलटी' नाव दिलं. पुढं पुढं तर आश्रुबांनी गोष्ट अर्धी केली की पलटी कुठली येणार यावर माणसं हुज्जत घालायची. मालनबाईनं एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या आधी हेरली. "तुमच्या ह्या पोथीत बाया दोनच कामं करत्यात," ती म्हणाली. "येक तर घरी बसून वाट बघत्यात, न्हाईतर किंचाळत्यात."

हे ऐकून सगळे हसले. मुक्ताबाई हसली नाही.

मुक्ताबाई म्हणजे सटवाची बायको. पंचविशीची, कामाला वाघ आणि बोलायला मुकी. सटवा दोन वर्षांमागं ऊसतोडीला कारखान्यावर गेला होता. ऊसतोडीत माणसं मोजायची नाहीत, कोयते मोजायचे, आणि एक कोयता म्हणजे एक जोडी: पुरुषानं तोडायचं, बाईनं मोळी बांधून डोक्यावर न्यायची. एकट्या पुरुषाला मुकादम आगाऊ पैशांची उचल देत नाही, झोपडीला जागाही देत नाही. त्या साली मुक्ताबाई पोटुशी होती, म्हणून सटवानं जोडीला आपली विधवा बहीण छबुबाई नेली. मागं मुक्ताबाईला मूल झालं, पण ते राहिलं नाही. हंगाम संपल्यावर छबुबाई गावच्या लोकांबरोबर परतली. सटवा तिकडंच राहिला. तिकडं विहिरी खोदायचं काम आहे, पाऊस पडला की येतो, असा त्याचा निरोप होता. पाऊस काही पडला नाही.

मुक्ताबाईचा भाऊ जालिंदर सिरसाळ्याला असायचा. पंचांपुढं काडीमोड करावी आणि बहिणीचा पाट लावून द्यावा, असं त्याच्या मनात होतं. स्थळही त्यानं बघून ठेवलं होतं, बायको वारलेला, खाऊनपिऊन बरा माणूस. तो दर महिन्याला यायचा आणि मुक्ताबाई दर महिन्याला त्याला म्हणायची, अजून थोडं थांब. या खेपेला जालिंदरनं निक्षून सांगितलं होतं, की येत्या बाजाराला येईन तो शेवटचाच, तिकडची माणसं आता थांबत नाहीत.

याच सुमाराला कारखान्यावरून गावचाच बंकट परतला. त्याच्या गाडीच्या बैलाचा पाय मोडला होता, म्हणून हंगाम अर्धा टाकून यावं लागलं. दुसऱ्याच दिवशी तो खडीवर आला, आश्रुबांच्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "सटवा भेटलता."

"काय करतो?"

"कोयत्यावर हाय."

आश्रुबांची हातोडी थांबली. छबुबाई तर समोर, पलीकडच्या ढिगावर बसून खडी फोडत होती. मग सटवाच्या कोयत्यात मोळ्या कोण बांधतंय, हे विचारायची गरज नव्हती आणि बंकटनंही सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या खडीला माहीत झाली. मुक्ताबाईला कुणी काही बोललं नाही. बंकट तिला एवढंच म्हणाला की तुझा मालक बरा हाय, काळजी करू नको. तिनं मान हलवली.

आता आश्रुबांजवळ एकच गोष्ट शिल्लक होती आणि ती त्यांनी मुद्दाम मागं ठेवली होती, कारण तिचं शेवटचं पान नव्हतं. अर्धी पोथी कुणी लावत नाही. पण रिकाम्या दुपारी मिलो घशाखाली उतरेना, तेव्हा मालनबाईनं त्यांना भंडावून सोडलं. शेवटी आश्रुबांनी सुरुवात केली.

एक माणूस दूरच्या ताऱ्याकडं निघतो. यान असं पळतं की त्यात काळ हळू चालतो. त्याची दोन वर्षं होतात, तोवर इकडं घरी चाळीस. जाताना बायको दारात उभी आहे. मासिकात यान दोन माणसांचं होतं. ते आश्रुबांनी सांगितलंच नाही. पदरचं घालायचं नाही हा नेम होता. गाळायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. तरी घरी जाताना त्यांना अपराध्यासारखं वाटत राहिलं.

काळ हळू कसा चालतो, हे कुणाच्या डोक्यात शिरेना. बंकट म्हणाला, "आसं कुटं आसतंय ओ? दिस उगवला की समद्यायला उगवला."

"आसतंय," मुक्ताबाई म्हणाली. एवढ्या दुपारींत ती पहिल्यांदा बोलली. "जानाऱ्याला दोनच वाटत्यात. घरी चाळीस व्हत्यात."

त्यानंतर ती रोज पुढं येऊन बसू लागली. यान ताऱ्यापर्यंत पोचलं, वळलं, परत निघालं आणि तिथं कागद संपला. आश्रुबांनी सांगून टाकलं, की बाई, याच्या पुढचं पान माझ्याजवळ नाही.

गावात बायांची एक चाल होती. मनात एक प्रश्न धरायचा, पोथीला बसायचं आणि अध्यायाची समाप्ती जशी होईल तो आपल्याला मिळालेला कौल समजायचा. मुक्ताबाई उठून आश्रुबांजवळ आली. "मामा," ती म्हणाली, "म्या मनात धरलंय. उद्या समाप्ती सांगा. परवा भाऊ यायलाय. त्यो माणूस घरी आला तर म्या बसते वाट बघत. न्हाई आला तर जाते."

"आगं, ही काय देवाची पोथी हाय का?" आश्रुबा म्हणाले. "कुण्या साहेबानं बसल्या जागी रचलेली गोष्ट."

"तुमी सांगितली ना? मंग पोथीच."

रात्री आश्रुबा ते मासिक पुढ्यात घेऊन बसले. त्यांना या गोष्टींची रीत आता पाठ झाली होती. ज्याची वाट बघावी तो येत नाही, किंवा येतो तो दुसराच कुणी असतो, अशीच पलटी त्या साहेबानं लिहिली असणार. पण न आलेला माणूस आपल्या तोंडून सांगायचा आणि त्या शब्दावर एका बाईचा संसार मोडायचा, हे त्यांच्यानं होईना. सटवाचं खरं माहीत असूनही होईना. तिला खरं सांगायचं काम छबुबाईचं होतं, बंकटचं होतं, साऱ्या गावाचं होतं, आणि सगळ्यांनी मिळून ते एका फाटक्या मासिकावर ढकललं होतं. त्यांना सगळ्यांचा राग आला आणि स्वतःचा जास्त. अखेर त्यांनी ठरवलं, की माणूस परत येतो. आयुष्यात पहिल्यांदा ते पदरचं घालणार होते.

दुसऱ्या दिवशी भाकरी सोडायच्याही आधी माणसं गोळा झाली. छबुबाई मात्र आपल्या ढिगावरून उठली नाही. आश्रुबांनी घसा साफ केला. "यान खाली आलं," ते म्हणाले. "धूळ उडाली. म्हातारी बायको काठी टेकत आंगणात आली. यानाचं दार उघडलं..."

"मामा, येक इचारते," मुक्ताबाई म्हणाली.

"इचार."

"त्या यानात जागा किती?"

पदरची समाप्ती आश्रुबांनी रात्रभर मनाशी घोकली होती, पण समोरून विचारलेल्याला खोटं उत्तर देणं त्यांना कधी जमलं नव्हतं. सगळे जमिनीकडं बघत होते.

"दोन," ते म्हणाले.

"मला वाटलंच. येकट्याला कोन यान देतंय?" तिनं पदरावरची कच झटकली. "ऱ्हाऊ द्या मामा. झाली समाप्ती."

ती आपल्या ढिगाकडं गेली आणि खडी फोडायला लागली. सुट्टी अजून पुष्कळ बाकी होती.

बाजाराच्या दिवशी जालिंदर आला आणि मुक्ताबाई गाठोडं घेऊन त्याच्याबरोबर निघाली. वाट खडीवरूनच जात होती. भावाला पुढं जायला सांगून ती आश्रुबांपाशी थांबली, वाकून त्यांच्या पाया पडली.

"मामा, दार उघडल्यावर काय हुनार व्हतं? तुमी काय सांगनार व्हता?"

आश्रुबांनी खरं ते सांगितलं. "त्यो येतो, आसं सांगनार व्हतो."

मुक्ताबाईनं गाठोडं डोक्यावर घेतलं.

"बरं झालं मदीच इचारलं," ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर म्या जलमभर बसले आसते."