नाव नसलेल्या गोळ्यांचा खण

आक्का. जन्म १९४६, मृत्यू २०२१. पाळण्यातले नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिले. साऱ्या गल्लीच्या त्या आक्काच. व्यवसाय पडदे आणि खोळी शिवण्याचा. आईवडील लवकर गेल्याने धाकट्या भावाला त्यांनी वाढवले, आणि तो म्हातारा झाला तरी वाढवणे थांबवले नाही. त्यांची ख्याती रागीट म्हणून होती. हा वृत्तान्त त्यांच्या अखेरच्या मोठ्या रागाचा आहे, आणि तो राग सर्वस्वी रास्त होता.

भाऊ वाचनालयातून निवृत्त झालेला, कमालीचा भिडस्त; रिकाम्या बाकावरही कडेला बसणारा. त्याला रक्तदाबाची एक गोळी रोज लागे. त्या गोळ्या तो कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून थोड्या थोड्या आणी.

त्या दुकानाची एक पद्धत होती. गिऱ्हाईक मागेल तेवढ्या गोळ्या स्ट्रिपमधून कात्रीने कापून द्यायच्या आणि उरलेले तुकडे गल्ल्याखालच्या एका खणात टाकायचे. खणाला कप्पे होते, पण गर्दीच्या वेळी कप्प्यांकडे पाहतो कोण? औषधाचे नाव आणि मुदत स्ट्रिपच्या एका टोकाला छापलेली. ते टोक पहिल्याच गिऱ्हाइकाबरोबर जाई. मागे उरत चकाकणाऱ्या, निनावी गोळ्या.

एकदा भावाला गोळी जरा लहान वाटली. त्याने विचारलेही. काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, की कंपनी बदलली आहे. मागे रांग होती. भावाने मान डोलावली आणि निघून आला.

चारच दिवसांत तो न्हाणीघरात घामाने निथळत कोसळला. खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयात डॉक्टरांनी रक्तातली साखर फार उतरलेली पाहिली आणि आक्कांना विचारले, की यांना मधुमेह आहे का. नाही म्हटल्यावर त्यांनी घरातली सगळी औषधे मागवली. आक्कांनी उरलेला तुकडा आणून दिला. डॉक्टरांनी तो उलटसुलट केला. वाचण्यासारखे त्यावर काहीच नव्हते. साखर उतरवणारी गोळी पोटात गेली असणार, एवढेच ते सांगू शकले.

भाऊ शुद्धीवर आला तेव्हा आक्का आधी त्याच्यावरच बरसल्या. गोळी वेगळी दिसली तर ती का घेतलीस? नाव दाखवा, असे तोंडातून का निघाले नाही? भाऊ पुटपुटला, "रांग खोळंबली होती गं, आक्का."

"मग आता तू खोळंब," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून दुकानाकडे निघाल्या.

दुकानदार वयस्कर आणि गोड बोलणारा होता. त्याने बसायला खुर्ची दिली. आक्का बसल्या नाहीत. त्या आत शिरल्या, खण ओढला आणि काउंटरवर पालथा केला. गिऱ्हाइके मागे सरली. एक निनावी तुकडा उचलून त्यांनी दुकानदारापुढे धरला.

"ही कशाची?"

"ही... बहुधा पित्ताची."

"बहुधा? आणि ही?"

त्याने ती उजेडाकडे धरली आणि खाली ठेवली. "आक्का, इतकी वर्षं देतोय. कधी कुणाला काही झालं?"

"तुम्हाला कळणार कसं? आडवा झालेला माणूस तक्रार करायला चालत येत नाही."

मग त्यांनी दोन मागण्या केल्या. हा खण बंद करायचा. आणि रुग्णालयात येऊन भावासमोर म्हणायचे, की चूक आमची झाली.

दुकानदाराने दोन्ही हसण्यावारी नेल्या. आक्कांनी औषध प्रशासनाकडे तक्रार केली. तिथला तपासनीस येईपर्यंत त्या रोज दुकानात जाऊन उभ्या राहू लागल्या. जो येईल त्याला पिशवी तिथेच उघडायला लावत. डॉक्टरांची चिठ्ठी काढा. नाव जुळवा, किती मिलिग्रॅमची ती ताकद जुळवा. कशासाठी आहे, किती वेळा घ्यायची, ते विचारा. वेगळी दिसली तर कळल्याशिवाय हलू नका. एक बाई नेहमीची पांढरी गोळी मागू लागली, तेव्हा आक्का तिच्यावर उखडल्या. "पांढरं तर चुनाही असतो. नाव सांगा." रांगेतले करवादत, घड्याळे दाखवत. त्यांनाही आक्का सोडत नसत. घाई असेल तर रुग्णालयात खाट रिकामी आहे, असे ऐकवत. मात्र हळूहळू बायका आपणहून पिशव्या उघडू लागल्या, आणि एकीच्या पिशवीत खरोखरच दुसऱ्या कुणाची औषधे निघाली. त्या दिवसापासून कुरकुर थांबली.

तपासनिसाने सगळे निनावी तुकडे नष्ट करायला लावले, दुकानाला ताकीद दिली. तेव्हापासून तिथे स्ट्रिप कापली तरी तुकडा पाकिटात जातो आणि पाकिटावर औषधाचे नाव, ताकद, मुदत लिहिलेली असते. नाव छापलेले टोक दुकानातच राहते. पहिली मागणी अशी पुरी झाली.

भावाचा पाय आखूड राहिला. आक्का गेल्यावर दुकानदार समाचाराला आला. फार मोठ्या मनाच्या होत्या, कडक पण सरळ, असे बरेच बोलला. भावाने सगळे ऐकून घेतले.

"तिच्याबद्दल राहू द्या," मग तो म्हणाला. "तेव्हा चूक तुमची झाली होती, एवढं म्हणता का?"

दुकानदार पायाने चपला चाचपू लागला. मग गिऱ्हाइके थांबली असतील, असे म्हणून उठला. भाऊ काठी टेकत दारापर्यंत गेला आणि निरोपाचा एक शब्दही न बोलता त्याने दार लावून घेतले. दुसरी मागणी अद्याप येणे आहे.