आई 'जाते' म्हणाली तो फोन

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. नेटवर्कचं काम करणाऱ्या बाईला भुतापेक्षा सैल केबलची भीती जास्त. तरी लिहितेय, कारण एकदा सांगून मोकळं व्हायचंय.

मी भाईंदर पश्चिमेला एका कॉलेजात नेटवर्क बघते. मागच्या वर्षी आम्ही तिथले जुने फोन काढून इंटरनेटवर चालणारे बसवत होतो. त्या सकाळी टेस्टिंग चालू होतं. बाहेरची लाइन अजून जोडलेलीच नव्हती — कॉलेजातल्या कॉलेजातच फोन लागायचे, आणि तेही कसले... लायब्ररीतून सावंत वैतागले होते, "मॅडम, आवाज तुटतोय. पिंपात बसून बोलताय का?"

मी फोन ठेवून सेटिंग बदलत होते, तेवढ्यात तो परत वाजला. सावंतच असणार म्हणून उचलला.

"मी जाते गं."

आईचा आवाज. शेजारी बसून बोलत असावी इतका स्वच्छ. मग फोन बंद.

आई घरी, पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या फ्लॅटमध्ये एकटी होती. आणि माझी आई खाली कोथिंबीर आणायला निघाली तरी 'येते'च म्हणते. कुणी चुकून 'जातो' म्हणालं तर त्याला दारातून परत बोलावून 'येतो' म्हणायला लावते.

तिचा मोबाइल लावला... रिंग जातेय, उचलत नाही. आमची एक चावी शेजारच्या फरीदा आंटींकडे असते. त्यांना फोन केला, "आंटी, जरा मम्मी को देखो ना." त्यांनी फोन कानाला लावूनच दार उघडलं.

"बेटा, बाथरूम में गिरी है... साँस चल रही है. मैं हॉस्पिटल ले जाती हूँ, तू वहीं आ."

रिक्षात मी रस्ताभर रडत होते. आईची शुगर एकदम उतरली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मनगटाला प्लास्टर आणि नर्सला चहा कसा करावा याच्या सूचना, एवढ्यावर निभावलं. देव पावला म्हणायचं.

घरी आल्यावर विचारलं, "तू मला फोन केला होतास?"

"कशाने करणार? मोबाइल ओट्यावर चार्जिंगला होता." मग म्हणाली, "पण पडल्या पडल्या मनात आलं होतं... पोरीला सांगून जावं."

सावंतांनी तो फोन केला नव्हता, बाहेरून येणं शक्य नव्हतं. माझ्यापेक्षा जाणकारांना विचारून झालं. उत्तर कुणाकडेच नाही, आणि खरं सांगू, मला आता नकोय.

बाहेरची लाइन कधीच जोडून झाली. आई दुपारी मुद्दाम माझ्या कॉलेजातल्या फोनवरच फोन करते. आवाज अजून तुटतो. निरोप घेताना "ये... ये..." एवढंच येतं. मी कान देऊन बसते. 'ते' पोचल्याशिवाय फोन ठेवत नाही.