रिकामा सर्व्हर
खण आवरताना जुना रेकॉर्डर हाती आला आणि दहिवलीतल्या आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीतली ती दुपार आठवली. ठाकरवाडीतल्या एका म्हातारीच्या गोष्टी मी तिच्याच बोलीत ध्वनिमुद्रित केल्या होत्या. रेकॉर्डर एकच, त्यामुळे सगळं क्लाउड सर्व्हरवर चढवून तो पुसायचा, ही आमची रीत. म्हातारी वारली त्याच आठवड्यात सर्व्हर ज्यावर चालतो त्या लिनक्स प्रणालीचं अपग्रेड मध्येच थांबलं. दीड तास पडदा हलला नाही. खोलीत तापलेल्या इन्व्हर्टरचा वास भरला होता. “बंद करून चालू कर गं, पंपाला करतो तसं,” संपादक म्हणाले. मी केलं. सर्व्हर उठलाच नाही. घाबरून मी तो नव्याने बसवायचं बटण दाबलं. पाच मिनिटांत तो सुरू झाला, पूर्ण रिकामा. बंद करण्याआधी मी काढलेला, थांबलेल्या पडद्याचा फोटो बघून खोपोलीचा जाणकार मित्र म्हणाला, “अडकला नव्हता तो. जुनी सेटिंग ठेवू की नवी, असं शेवटच्या ओळीत विचारतोय. नंतर उठला नाही तरी डिस्क शाबूत होती. ती तू पुसलीस.” बाजारच्या दिवशी म्हातारीची लेक आली. “ताई, आयचा आवाज हाय ना तुज्याकडं?” “आहे,” मी म्हणाले, “मशीन बिघडलंय, पुढच्या बाजाराला ये.” ती अजूनही येते, आणि मी अजूनही मशीनचंच सांगते.